सिगारची पेटी, तीन तारा आणि मैद्याची खळ

लेकीकडे अमेरिकेत चार महिने राहून आले. तिथे काय काय पाहिले हे सांगायला बसले नाही, घाबरू नका! सांगायचे आहे ते एका लाकडी पेटीबद्दल आणि माझ्या हातून झालेल्या एका घोटाळ्याबद्दल.

लेक राहते फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात. हे एके काळी सिगारचे गाव. तिथल्या ईबोर सिटी नावाच्या भागात 1886 पासून कारखाने उभे राहिले आणि क्यूबन, स्पॅनिश, इटालियन बायका-पुरुष रांगेने बसून सिगार वळू लागले. काम कंटाळवाणे, म्हणून उंच आसनावर एक वाचक बसे आणि वर्तमानपत्रे, कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवी. त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून देत. 1931 साली मालकांनी ही वाचने बंद पाडली. मला मात्र आपल्याकडची दुपारची पोथी आठवली.

शेजारच्या आजीबाईंची आई अशाच एका कारखान्यात होती. तिने घरी आणलेल्या रिकाम्या पेटीची आजीबाईंच्या थोरल्या भावाने गिटार केली होती. पेटीला आरपार एक दांडी, वर तीन खुंट्या, तीन तारा. बस्स! तिथे ही फार जुनी रीत आहे. 1860 नंतरच्या दशकात सरकारने सिगार पेटीतच विकायचा आणि पेटीवर कराचे तिकीट लावायचे असा कायदा केला. एकदा रिकामी झालेली पेटी सिगारसाठी पुन्हा वापरायची नाही, हाही नियमच. मग घरोघर रिकाम्या पेट्या साचल्या, आणि ज्यांना वाद्य विकत घेणे परवडत नव्हते त्यांनी त्यांची बँजो, फिडल, गिटार केली. ब्लूज गाणारे लाइटनिन हॉपकिन्स आणि पुढे नावारूपाला आलेले कार्ल पर्किन्स यांची पहिली गिटार अशीच होती, असे सांगतात.

पेटीचे लाकूडही आपल्याला परके नाही बरं का! त्याला तिकडे सीडर म्हणतात, पण ते आपल्या तुणाचे सख्खे भावंड आणि कडुनिंबाच्या कुळातले. आपल्याकडे सतारीला तुणाचे लाकूड वापरतात, मग हे बोलते यात नवल ते काय!

तर, पेटीच्या झाकणावर रंगीत चित्र होते. फुलांच्या कमानीत उभी असलेली एक बाई, भोवती उठावाची सोनेरी नाणी. एकेका रंगासाठी वेगळा दगड घेऊन ही लेबले छापत आणि सोनेरी भागावर ब्राँझची पूड बसवत. कागदाचे कोपरे वर आले होते आणि जिथे वाजवणाऱ्याचे मनगट घासते तिथे पोपडेच निघाले होते. आजीबाईंची नात ती गिटार शाळेच्या कार्यक्रमात वाजवणार होती. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “द्या माझ्याकडे, करून देते.”

आणि पहिल्याच झटक्याला मी ओल्या फडक्याने धूळ पुसली! कोपऱ्यातले एक सोनेरी नाणे फडक्यावर आले. पोटात असा गोळा आला म्हणून सांगू! वस्तू दुसऱ्याच्या आईची. लेक म्हणाली, “आई, लगेच सांगून टाक.” गेले, सांगितले. आजीबाई बराच वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत राहिल्या. मग पेटी पुन्हा माझ्याच हातात देत म्हणाल्या, “आता तरी सावकाश करा.”

मग सावकाश केले. मैत्रिणींनो, तुमच्याकडे सिगारची पेटी नसेलही, पण कागद चिकटवलेली जुनी दागिन्यांची पेटी किंवा खेळाचा डबा असेलच, म्हणून रीत सांगते.

आधी तारा सैल करायच्या. झाकणावरची घोडी काढण्यापूर्वी कडेपासूनचे तिचे अंतर पट्टीने मोजून वहीत लिहायचे. ती चुकीच्या जागी बसली तर स्वर बिघडतात. खुणेसाठी चिकटपट्टी मुळीच लावू नका, काढताना चित्रच वर येईल. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडायची. ओलावा लावायचाच तर कापसाच्या बोळ्याचे टोक जेमतेम ओले करून एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर टेकवून पाहायचे. रंग बोळ्यावर आला, तर पाणी बंद.

कागद सुटतो का? लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. कागद त्याच्याबरोबर तितका हलत नाही, आणि जुना सरस वाळून काचेसारखा ठिसूळ होतो. तो ठिसूळ थर पातळ सुरीने हलकेच खरवडून काढला नाही, तर नवी खळ धरत नाही. हे काम किचकट, पण यातच सगळे आहे. मला दोन दुपारी लागल्या.

खळीसाठी एक चमचा मैदा आणि सहा चमचे गार पाणी. गुठळी मोडून मगच आचेवर ठेवायचे आणि चकचकीत होईपर्यंत ढवळायचे. निवल्यावर मलमलीतून गाळायची. ताज्या सायीइतकी दाट हवी. पांढरा गोंद सोपा खरा, पण उद्या कुणाला कागद पुन्हा काढावासा वाटला तर तो सुटता सुटत नाही. खळ थोड्या ओलाव्याने सुटते. मात्र कसर तिच्यावर ताव मारते, म्हणून थर अगदी पातळ. बुकबाइंडर तिच्यात मोरचूद घालतात. ते विषारी असते, मुलाच्या हातातल्या वस्तूला नकोच.

खळ छोट्या ब्रशने कागदाखाली सरकवायची, बटर पेपर ठेवून बोटाने मधून कडेकडे दाबायचे, बाहेर आलेली लगेच टिपायची. मग नवा बटर पेपर, वर सपाट फळी, फळीवर जाड पुस्तके आणि रात्रभर विश्रांती. मध्ये फुगा आला असेल तर दाढीच्या पात्याने चित्रातल्याच एखाद्या रेषेवर चीर द्यायची, म्हणजे दिसत नाही. पेटीच्या कडेवरचा कागद वजनाखाली बसत नाही, तिथे सुती पट्टी गुंडाळावी. पोपडे गेलेल्या जागी मी जुन्या पाकिटाचा पातळ कागद बसवून त्यावर जलरंग दिला.

शेवटी मनगट घासते तेवढ्याच जागी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे दोन पातळ हात दिले. तेही आधी कोपऱ्यावर पाहून, कारण काही रंग स्पिरिटलाही सुटतात. पूर्ण झाकणावर जाड थर चढवला तर पेटीचा आवाज दबतो.

गेलेले नाणे मी रंगवायला घेतले, तर आजीबाईंनी हात धरला. “राहू द्या. ते तुमचे,” म्हणाल्या. नातीने घोडी मापाने बसवली, तारा ताणल्या आणि पहिल्यांदा छेडल्या तेव्हा मी चित्रातल्या बाईकडे नाही, कागदाच्या कडेकडेच बघत होते. हलली नाही.

वाटीत खळ उरली होती. तिने लेकीकडचे दिनदर्शिकेचे सुटलेले पान चिकटवून टाकले.