बाण सुटण्याआधी

धनुष्यबाण म्हटला की आपल्याला राम आठवतो, अर्जुन आठवतो. सातपुड्यातल्या भिल्ल बांधवांचा तिरकमठा आठवतो. तिरकमठा बांबूचा असतो. कित्येक ठिकाणी त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट पातीची असते. पूर्वी धनुष्य लढाईला लागे, शिकारीला लागे. आता लढाईत धनुष्य उरले नाही. रानातल्या जनावरांच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे. मग आज कोणी धनुष्य शिकावे तरी कशाला?

जपान देशातल्या लोकांना या प्रश्नाचे एक उत्तर सापडले आहे. मन थाऱ्यावर यावे म्हणून ते धनुष्य शिकतात. हे कसे, ते आपण पाहू.

जपानातही धनुष्य हे लढवय्यांचे हत्यार होते. सन १५४३ मध्ये पोर्तुगीज लोकांबरोबर तिथे बंदूक आली. बंदुकीपुढे बाण मागे पडला. पण जपानी माणसांनी धनुष्य माळ्यावर टाकून दिले नाही. हत्यार म्हणून त्याचे काम संपत गेले, तरी शिक्षण म्हणून त्यांनी ते जपले. या विद्येला ते 'क्यूदो' म्हणतात. 'क्यू' म्हणजे धनुष्य आणि 'दो' म्हणजे वाट. धनुष्याची वाट! सन १९४९ मध्ये तिथे या विद्येचा देशभराचा संघ स्थापन झाला. आज शाळेतली मुले-मुली, नोकरदार बायका-पुरुष, म्हातारी माणसे, सगळेच ती शिकतात.

त्यांचे धनुष्य बघण्यासारखे असते. उंची सुमारे सव्वासात फूट, म्हणजे माणसापेक्षा उंच. जुन्या पद्धतीचे धनुष्य बांबू आणि लाकूड चिकटवून करतात. आपण धनुष्य मधोमध धरतो. ते लोक खालून तिसऱ्या हिश्शावर धरतात. दोरी उजव्या हाताच्या अंगठ्यात अडकवून ओढतात, आणि त्यासाठी हातात हरणाच्या कातड्याचा मोजा घालतात. अंगठा नसेल तर अशी दोरी ओढताच येणार नाही. एकलव्याची गोष्ट इथे आठवते, नाही का? निशाण २८ मीटरवर, म्हणजे सुमारे साठ हातांवर असते. ते जेवणाच्या मोठ्या ताटाएवढेच असते.

आता मुख्य गोष्ट ऐका. नवा माणूस शिकायला आला, की त्याला लगेच निशाणावर बाण मारू देत नाहीत. आधी नुसते उभे राहायला शिकवतात. मग हातात रबराची दोरी देऊन ओढायला लावतात. मग धनुष्य येते. तरी निशाण नाहीच! पेंढ्याचा घट्ट बांधलेला भारा समोर ठेवतात आणि एका धनुष्याच्या अंतरावरून त्यात बाण मारायला सांगतात. इतक्या जवळून भारा चुकणारच कसा? चुकायची भीती गेली, की माणसाचे सारे ध्यान आपल्या हातापायांकडे लागते. असे कित्येक महिने चालते.

वाचकहो, तुम्ही अक्षरे शिकलात तेव्हाची आठवण करा. पहिल्याच दिवशी कोणी तुम्हाला पत्र लिहायला सांगितले नाही. आधी पेन्सिल धरली. बोटे आखडली. मग उभ्या-आडव्या रेघा काढल्या, मग गोल. ज्या घटकेला तुम्ही ती रेघ मन लावून ओढत होता, त्या घटकेला कर्ज, पाऊस, पोरीचे लग्न यातले काही डोक्यात होते का? बहुतेक नव्हते. वर्गात आम्ही वर्षानुवर्षे हेच पाहिले. 'लक्ष दे' म्हणून ओरडल्याने मुलाचे लक्ष कधी लागत नाही. हाताला एक नेमके काम दिले, की लक्ष त्याच्या मागून आपोआप येते.

धनुष्यही हेच करते. जपानी पद्धतीत एक बाण सोडायच्या आठ पायऱ्या ठरलेल्या आहेत.

पहिली, पाय रोवणे. दोन पायांत आपल्या बाणाएवढे अंतर ठेवायचे.
दुसरी, अंग सरळ करणे. पाठ ताठ, खांदे सैल, भार दोन्ही पायांवर सारखा.
तिसरी, हात तयार करणे. दोरी आणि धनुष्य नीट धरायचे आणि नजर निशाणाकडे वळवायची.
चौथी, धनुष्य सावकाश वर उचलणे.
पाचवी, दोन्ही हातांनी सारखे ओढत खाली आणणे.
सहावी, पूर्ण ताण देऊन थांबणे.
सातवी, बाण सोडणे.
आठवी, बाण गेल्यावरही तसेच उभे राहणे.

दर बाणाला ह्याच आठ पायऱ्या. घाई नाही आणि एकही पायरी गाळायची नाही. श्वास सावकाश घ्यायचा आणि सावकाश सोडायचा. श्वास लांब सोडला की छातीतली धडधड कमी होते. हे कोणीही घरबसल्या करून पाहावे. डोळा, हात, पाय आणि श्वास असे चौघे एका कामाला जुंपले, की मनाला भटकायला वेळच मिळत नाही. मन काही हुकूम देऊन शांत होत नाही. त्याला कामाला लावावे लागते.

त्यातही सहावी पायरी फार मोलाची. दोरी पूर्ण ताणलेली आहे. हात भरून आले आहेत. सोडून मोकळे व्हावेसे वाटते. तरी माणूस काही क्षण थांबतो. नवशिक्याला हे थांबणे जमत नाही. हात ओढून होतो न होतो तोच बाण सुटतो, आणि भलतीकडे जातो.

ऑयगेन हेरिगेल नावाचे एक जर्मन प्राध्यापक १९२४ साली जपानात शिकवायला गेले. तिथे ते आवा केन्झो या गुरूंकडे धनुष्य शिकले. पुढे १९४८ साली त्यांनी यावर पुस्तक काढले. त्यात ते सांगतात की बाण सोडताना त्यांच्या हाताला झटका बसे. काही केल्या तो जाईना. शेवटी सुट्टीत त्यांनी बोटे सैल करायची एक युक्ती शोधून काढली. परत आल्यावर झोकात बाण सोडला. गुरूंनी युक्ती ओळखली. त्यांनी धनुष्य काढून घेतले आणि पाठ फिरवून बसले. पुढे प्राध्यापकांनी क्षमा मागितली, तेव्हा शिक्षण पुन्हा सुरू झाले. गुरूंचा राग चुकल्याबद्दल नव्हता. शिष्याने मधली वाट टाळून शेवट गाठायला पाहिले, याबद्दल होता.

म्हणूनच क्यूदोच्या परीक्षेत नुसता नेम बघत नाहीत. माणूस उभा कसा राहिला, बाण चुकला तेव्हा त्याचा चेहरा कसा होता, हेही बघतात. आठवी पायरी त्यासाठीच आहे. लागला म्हणून उडी मारायची नाही, हुकला म्हणून कपाळावर हात मारायचा नाही. जे झाले ते उभे राहून पाहायचे आणि मग हात खाली घ्यायचे.

असे केल्याने नेम बिघडतो, असे मात्र समजू नका. आपल्या सातारा जिल्ह्याची आदिती स्वामी २०२३ साली बर्लिन शहरात वयाच्या १७व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. तिचे धनुष्य नव्या तऱ्हेचे, चाकांचे. पण चांगले तिरंदाज कोणतेही धनुष्य घेवोत, ठरलेला क्रम मोडत नाहीत.

आता आपल्या गावाकडे या. शेजाऱ्याने बांध कोरला. नांगराचे दोन तास आपल्या रानात आले. पाहताक्षणी डोके तापते. तोंडातून शिवी जाते, हातात काठी येते. एका घटकेचा राग, आणि दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. सुटलेला बाण आणि गेलेला शब्द परत येत नाही, असे आपली जुनी माणसे म्हणत आली. पण सुटू नये म्हणून काय करावे, ते धनुष्य शिकवते. पाय रोवा. श्वास सोडा. ताण आला आहे, तो येऊ द्या. त्या ताणात क्षणभर थांबा.

थांबा म्हणजे आपला हक्क सोडा, असे नव्हे बरे का! बाण सोडायचाच आहे, पण नेमका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. चार माणसे बोलावून हद्द दाखवा. काठीने बांध सरळ होत नाही, मोजणीने होतो.

कोणाला प्रत्यक्ष धनुष्य शिकायचे असेल तर जाणत्या माणसाजवळच शिका. चार गोष्टी पाळा. बाण माणसाकडे किंवा जनावराकडे कधीही रोखू नका, गंमत म्हणूनही नाही. निशाणामागे वाट, घर, गोठा असू नये. बाण न लावता दोरी ताणून सोडू नका, धनुष्य मोडते आणि इजा होते. पोरांच्या हाती धनुष्य देऊन आपण बाजूला जाऊ नका.

आणखी एक सांगतो. साधी चिडचिड, मनाची धावाधाव यांवर असा अभ्यास चांगला. पण आठवडे-आठवडे झोप येत नसेल, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटत असेल, तर तो आजार आहे. तिथे धनुष्य पुरे पडत नाही. घरच्यांना सांगा, आणि ताबडतोब सरकारी दवाखान्यात जा. यात लाज कसली?

धनुष्य प्रत्येकाला मिळेल असे नाही. पण ठरलेला क्रम असलेले काम प्रत्येकाच्या घरात आहे. बाई जात्यावर बसते, गडी विळ्याला धार लावतो, कोणी सुतळी वळतो. त्यातले एक काम रोज थोडा वेळ, न बोलता, एकही पायरी न गाळता करून पाहा. हात स्थिर झाला की मन त्याच्या मागे येते. मग रागाची वेळ येईल तेव्हा थांबायची सवय अंगात असेल.