पत्र्याचा मोदक

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. हौशी मंडळींनी मात्र आपापल्या पद्मिनी अजून जपल्या आहेत, आणि मडगार्डची कड गंजून चाळण होणं हे त्यांचं जुनं दुखणं. कारखान्यात हे मडगार्ड साच्यात दाबून निघायचं. गॅरेजमध्ये ना तो प्रेस, ना तो साचा. तिथे असतो जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा आणि हातोडी घेतलेला डेंटर.

सपाट पत्र्याची नळी होते, शेंगदाण्याची पुडीही होईल. घुमट होत नाही. चेंडूला कागद गुंडाळून पाहा, चुण्या पडतातच. कार्ल फ्रिडरिश गाउसने १८२७ मध्ये हे गणिताने दाखवलं: न ताणता, न आकसता पृष्ठभाग नुसता वाकवला, तर त्याची अंगभूत वक्रता बदलत नाही. मडगार्ड तर दोन्ही दिशांनी फुगीर!

उकडीचे मोदक वळणाऱ्यांना हे गाउसशिवाय कळलेलं असतं. पारी मध्ये दाबून पातळ केली की वाटी होते, कडेला कळ्या पाडल्या की तोंड मिटतं. डेंटर दोन्ही करतो. वाळूच्या पिशवीवर ठोकून पत्र्याचं पोट काढतो. कडेला मुद्दाम चुण्या पाडतो आणि त्या उलगडू न देता ठोकून जिरवतो. तिथे पत्रा जाड होतो.

ठोकता ठोकता पत्रा हट्टी होत जातो. लोखंडाच्या स्फटिकांतले सरकते दोष एकमेकांत गुंततात आणि अडतात. पुण्याच्या तांबट आळीत मठारकामाने, म्हणजे हातोडीने ठोकून, तांब्याच्या भांड्याला हाच ताठपणा मुद्दाम आणतात. डेंटरला तो नडतो; अती झाला तर पत्रा तडकतो. मग लालभडक तापवून त्याला पुन्हा मऊ करायचं.

सगळ्यांत सुंदर युक्ती आकसवण्याची. ताणून सैल झालेला पत्रा दाबला की डब्याच्या झाकणासारखा टक्क वाजतो. तिथे गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लाल करतात. ठिपका सुमारे एक टक्का पसरू पाहतो, पण भोवतीचा थंड पत्रा वाट देत नाही. मऊ लोखंड जागच्या जागी जाड होतं. निवताना ते मूळ मापापेक्षा लहान होऊ पाहतं आणि भोवतीचा सैलपणा ओढून घेतं. तापवून लहान करायचं, हे कुणाला खरं वाटेल?

पुट्टी थापून वेळ मारून नेणारेही असतात. चांगला डेंटर आधी डोळे मिटून तळहात फिरवतो. मग पत्र्यावर रॉकेलचा बोळा पुसून त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहतो. उजेडाची रेघ जिथे मोडेल, तिथे पुन्हा हातोडी.