कोणती ठेवायची, कोणती काढायची

शंभर मेंढ्यांच्या कळपातून यंदा दहा माद्या काढायच्या आहेत. कोणत्या काढाल? नराचा प्रश्न सोपा असतो. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक मेंढा पुरतो, बाकीचे नर बाजाराची वाट धरतात. मादीचं मात्र तसं नाही. ती गेली की तिची पुढची सगळी कोकरं गेली, त्या कोकरांतल्या माद्या गेल्या, त्यांची पोरंही गेली. पाच वर्षांनी कळप कसा असेल, ते आज काढलेल्या दहा मेंढ्या ठरवतात.

आमच्या दिघीला हा प्रश्न परका नाही. एका अंगाला पुणे, दुसऱ्या अंगाला आळंदी, मध्ये लष्कराच्या जागा आणि सोसायट्यांचे टॉवर. तरी पावसाळा सरला की पारनेर-शिरूरकडचे मेंढपाळ या पट्ट्यातून खेड-मावळाकडे सरकतात. शेतकरी आपल्या रानात रात्री मेंढ्या बसवून घेतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतात. शनिवारी चाकणच्या जनावरांच्या बाजारात, मोटारींच्या कारखान्यांपासून थोड्याच अंतरावर, त्या प्रश्नाची उत्तरं गळ्यात दोरी घेऊन उभी असतात.

तिथे एका म्हाताऱ्या मेंढपाळाला मेंढी पारखताना मी पाहिलं. त्यांनी डाव्या हाताने जबडा धरला, अंगठ्याने खालचा ओठ दाबला आणि दात दाखवले. मेंढीला पुढचे दात फक्त खालीच असतात, आठ. वर नुसती घट्ट हिरडी. कोकराचे दुधाचे दात बारीक असतात. वर्ष-सव्वा वर्षाला मधली जोडी पडून तिथे रुंद, पक्के दात येतात आणि पुढे साधारण दरवर्षी एकेक जोडी बदलते. अदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि चौथ्या वर्षाच्या सुमारास जुळलेली, म्हणजे आठही दात पक्के झालेली. वय लिहून ठेवायची गरजच नाही, ते तोंडातच लिहिलेलं असतं! जुळल्यानंतर दात झिजतात, फटी पडतात, एकेक गळतो. मग उन्हाळ्यातलं आखूड गवत तोडता येत नाही, पोट भरत नाही आणि दूध आटतं.

दात झाले की हात कासेकडे गेला. दोन्ही सड दाबून पाहिले. "ही बाजू दगडी झालीया," बाबा म्हणाले. "निम्म्या दुधावर कोकरू कसं जगंल?"

"आणि जी यंदा व्यालीच नाही, ती?" मी विचारलं.

"एक साल खाली ऱ्हायली तर म्या इकत नाय. दोन साल ऱ्हायली, तर मंग बाजार."

हे एक साल आणि दोन सालांचं गणित मला फार मोलाचं वाटतं, कारण तेच गणित स्कॉटलंडच्या डोंगरात, आपल्या सांबराच्या भाऊबंदांवर, शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पडताळून पाहिलं आहे.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार गुन्हा आहे. कोणती मादी जाणार हे इथे वाघ, बिबट्या, लांडगा आणि रानकुत्री ठरवतात. स्कॉटलंडमध्ये लांडगा केव्हाच नामशेष झाला. लाल हरणं वाढत राहिली, कोवळी झाडं खाऊन संपवू लागली. म्हणून तिथे 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी या काळात माद्या कायद्याने मारल्या जातात. शिकाऱ्याला तोंड उघडून दात बघता येत नाहीत. हरणाचं नेमकं वय सांगणारा पुरावाही दातातच असतो: दात कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मुळावर झाडाच्या वलयांसारखे थर दिसतात, साधारण एका वर्षाचा एक. पण तो वाचायला मिळतो मेल्यावर. जिवंतपणी हातात असते ती फक्त दुर्बीण. त्यातून लांबट झालेलं तोंड, खाली बसलेली पाठ, वर आलेली कमरेची हाडं बघायची आणि मागे पाडस आहे का हे दिसण्याची वाट पाहत गारठ्यात पडून राहायचं. आई मारली आणि पाडस मागे राहिलं, तर त्याला हिवाळा काढणं अवघड जातं. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांत तर आणखी एक चकवा आहे. एकटंच चरणारं, शिंगं न दिसणारं जनावर पुष्कळदा मादी नसतंच, ते त्याच वर्षीचं नर पाडस असतं. त्याचं तोंड आखूड, अंग चौकोनी. पोक्त मादीचं अंग लांबोळकं दिसतं.

आता त्या भाकड मादीकडे येऊ. स्कॉटलंडच्या पश्चिमेला रम नावाचं बेट आहे. तिथल्या एका भागात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शिकार थांबवली गेली आणि टिम क्लटन-ब्रॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक हरीण ओळखून त्याचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशोब ठेवला. त्या वह्यांतून दिसलं की पाडसाला हिवाळ्यापर्यंत पाजणारी मादी रोडावते आणि पुढच्या हंगामात तिची गाभण राहण्याची शक्यता कमी होते. जी यंदा रिकामी राहिली, ती चरून तब्येत सुधारते आणि पुढच्या वर्षी बहुतेक वेळा विते. म्हणजे एका सालाची भाकड ही नापीक नव्हे, विसावलेली असते. चाकणच्या बाबांचा नियम नेमका हेच सांगतो.

रमची मोठी नवलाई पुढे आहे. शिकार थांबल्यावर काही वर्षांत माद्या दुपटीहून जास्त झाल्या. नर मात्र वाढले नाहीत! लेकी आईच्याच कुरणात राहतात, मुलगे बाहेर पडतात. गर्दी झाली तशी नर पाडसं हिवाळ्यात जास्त मरू लागली, वाचलेले तरुण नर बेट पालथं घालत दुसरीकडे गेले आणि बाहेरचे नर येईनासे झाले. देखण्या शिंगांचे नर हवेत म्हणून माद्यांना हात न लावणाऱ्या जमीनमालकांसाठी हा उलटा हिशोब होता. त्याहून अजब म्हणजे, 1984 मध्ये याच चमूने दाखवलं की कळपात वरचढ असलेल्या माद्यांना नर पाडसं जास्त होतात. पुढे माद्यांची गर्दी वाढत गेली तसा हा फरकही पुसला गेला. मादीच्या पोटात काय वाढणार हे आजूबाजूच्या माद्यांच्या संख्येवरही अवलंबून असतं, ही गोष्ट वाचून मी कितीतरी वेळ थक्क झालो होतो.

डोळ्याला आणि हाताला कधीच न कळणारं काही असतं का? असतं. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली छोटीशी गारोळ मेंढी मात्र जुळी-तिळी देते, कारण तिच्यात एक खास जनुक आहे. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांतही नेमका तोच बदल सापडला. बंगालच्या मेंढ्या 1792-93 मध्ये जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या, त्यांच्याबरोबर तोही गेला असावा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळचं हे जनुक संकरातून दख्खनी मेंढीत आणलं. ते कोणत्या मेंढीत आहे ते रक्ताचा नमुना तपासून कळतं. दिसायला दोन बहिणी सारख्या असतात, पण एकीला जुळी व्हायची शक्यता दुसरीपेक्षा कितीतरी जास्त. जनुकाच्या दोन प्रती असल्या तर तिळ्यांचंही प्रमाण वाढतं.

पण दोन कोकरं झाली म्हणजे दोन जगली असं नव्हे. दिवसभर चालणाऱ्या कळपात जुळ्यांना पुरेल इतकं दूध लागतं. त्यामुळे प्रयोगशाळेचा कागद हाती आला तरी मेंढपाळ ती मेंढी ठेवण्याआधी दात बघणार, दोन्ही सड दाबून पाहणार आणि गेल्या खेपेला तिने कोकरू जगवलं का, हे आठवणार.