पॉवर विडरचे इंजिन बदलताना

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात तुरीच्या दोन ओळींतली कोळपणी आणि उसाच्या सरीतली मशागत आता अनेक शिवारांत पॉवर विडरने होते. विडरचा सांगाडा आणि हँडल सहसा धडधाकट राहतात. आधी थकते ते इंजिन. त्याचे कारण बहुतेक वेळा एअर फिल्टरमध्ये सापडते. उन्हाळ्यातली काळ्या मातीची बारीक धूळ फाटक्या फिल्टरमधून आत शिरली की पिस्टन रिंगा आणि सिलिंडर घासून जातात. मग निळा धूर, ऑइल खाणे आणि दहा वेळा दोरी ओढूनही इंजिन सुरू न होणे, हा क्रम ठरलेला.

एवढ्यावरून इंजिन टाकून देण्याची घाई नको. रिंगा, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट बदलून इंजिन उभे राहू शकते; सिलिंडर जास्त झिजला असेल तर बोअरिंग करून मोठ्या मापाचा पिस्टन घालतात. कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेसला भोक पडले असेल तर मात्र नवेच इंजिन घेतलेले बरे.

नवे घेताना बहुतेक जण पहिल्यांदा हॉर्सपॉवर विचारतात. खरे तर तो शेवटचा प्रश्न. होंडाच्या जीएक्स 200 या 196 सीसी इंजिनाला पूर्वी साडेसहा हॉर्सपॉवरचे म्हणत. मोजण्याची पद्धत बदलल्यावर तेच इंजिन साडेपाचचे झाले. त्यामुळे टाकीवर चिकटवलेल्या आकड्यापेक्षा सीसी पाहावी. बाजारातल्या चिनी इंजिनांच्या नावातच निम्मी माहिती असते. 168एफ म्हणजे एक सिलिंडर, 68 मिलिमीटर बोअर आणि हवेने थंड होणारे इंजिन. 170एफचा बोअर 70 मिलिमीटर, त्याची क्षमता साधारण 212 सीसी. 178एफ आणि 186एफ या नावांनी विकली जाणारी इंजिने बहुधा डिझेलची असतात.

उंचीचाही हिशेब आहे. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटरला पेट्रोल इंजिनाची ताकद सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते. बीदर 600 मीटरहून उंचावर आहे, म्हणजे तिथे सात टक्के गेलेच. तरीही गरजेपेक्षा मोठे इंजिन बसवणे हा उपाय नव्हे; जादा जोर गिअरबॉक्सवर येतो आणि गिअरबॉक्स इंजिनाहून महाग पडू शकतो. ओल्या काळ्या मातीत विडर अडत असेल तर आधी दोन पाती काढून पाहावी, किंवा सरळ वाफसा येईपर्यंत थांबावे.

खरी गाठ पडते ती शाफ्टशी. जुने इंजिन उतरवून शाफ्टला वर्नियर लावावा. 196 सीसी वर्गातली काही इंजिने 20 मिलिमीटर शाफ्टची, तर काही पाऊण इंची, म्हणजे 19.05 मिलिमीटरची असतात. फरक एका मिलिमीटरहून कमी, डोळ्यांना न दिसणारा. पण 20 ची पुली पाऊण इंची शाफ्टवर घातली तर ती डुलते, प्रत्येक झटक्याला चावीवर हातोडा बसल्यासारखा मार बसतो, चावीची खाच रुंदावते आणि शेवटी नव्या इंजिनाचा शाफ्टच निकामी होतो. पत्र्याची पाचर घालून भागवणारे मिस्त्री भेटतात. तो उपाय हंगामभर टिकत नाही. शाफ्टची लांबी, टोकाचा आटा आणि तो सरळ आहे की निमुळता, हेही जुन्याशी ताडून घ्यावे.

काही इंजिनांना आतच 2:1 रिडक्शन असते. इंजिन 3600 फेरे फिरते, शाफ्ट मात्र 1800. साध्या इंजिनाच्या जागी असे बसवले तर पाती निम्म्या वेगाने फिरतात आणि इंजिन कमजोर निघाले, असा गैरसमज होतो. शाफ्टची दिशाही पाहावी. परदेशातल्या, बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांत शाफ्ट बहुधा उभा, खाली तोंड केलेला असतो. विडरला आडवा शाफ्ट लागतो. जुन्या बाजारातून उचललेले उभ्या शाफ्टचे इंजिन इथे कामाचे नाही.

बेल्टवर चालणाऱ्या विडरला थोडी मोकळीक असते: बुडाची भोके जुळली, पुली सरळ रेषेत आली, की काम होते. गिअरबॉक्सला थेट बोल्टने जोडलेल्या विडरला मात्र त्याच नमुन्याचे इंजिन हवे. पेट्रोलच्या जागी डिझेल घालायचा मोह आवरावा. 168एफ वर्गाचे पेट्रोल इंजिन 16 किलोच्या आसपास भरते, 186एफ डिझेल पन्नासच्या आसपास. एवढे वजन पुढे आले की दिवसभर हँडल दाबून धरताना खांदे भरून येतात.

अनुदानावर घेतलेले यंत्र असेल तर इंजिन बदलण्याआधी कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात विचारून घ्यावे. खरेदी उदगीरला करा, सोलापूरला करा की हैदराबादला, पक्के बिल घ्यावे आणि कार्बुरेटर व रिंगा जवळपास कुठे मिळतात ते दुकानातच विचारावे.

नवे इंजिन सहसा ऑइल न भरताच खोक्यात येते. 196 सीसी वर्गाला ते सुमारे 0.6 लिटर लागते. ते भरल्याशिवाय दोरी ओढू नये, आणि पहिल्या 20 तासांच्या कामानंतर बदलावे.