बिनदांडीची सायकल

पोळ्याच्या सुमारास वाशिमच्या आमच्या जुन्या घराची मागची पडवी मोकळी करायला घेतली, तेव्हा पऱ्हाट्यांच्या भाऱ्यामागून एक सायकल निघाली. टायरच्या चिंध्या झालेल्या, सीटचे चामडे उंदरांनी खाल्लेले, हँडलवर बोट फिरवले तर हाताला गंज लागावा अशी अवस्था. भंगारवाला दारात उभाच होता. त्याने किलोचा भाव सांगितला. मी नाही म्हटले. सारी नोकरी लोकांची कर्जखाती बंद करण्यात घालवलेल्या माणसाचे एखादे स्वतःचे खाते उघडेच राहून गेलेले असते, तसे काहीसे हे प्रकरण होते.

सायकल ताईची. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. १९७१ साली ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाली. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९८ चा जुलै उजाडावा लागला. शाळा चार मैलांवर आणि एसटी दिवसातून एकदा. वर्षभर पगारातून पैसे बाजूला टाकून तिने अकोल्याहून लेडीज सायकल आणवली. रॅले, आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली. तो कारखाना पुढे बंद पडला. मीटरगेजच्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून ती उतरवून घ्यायला मीच स्टेशनवर गेलो होतो. काळा रंग, त्यावर सोनेरी बारीक रेघा आणि साखळीच्या दातेरी चक्रात कोरलेली बगळ्यांची डोकी. त्या बगळ्यांवर माझा जीव जडला. आळीतल्या बायकांचा मात्र ताईवर डोळा! बाईमाणूस सायकलवरून जाते, आणि तेही नोकरीला, ही दोन्ही आश्चर्ये त्यांना एकाच वेळी पचवायची होती.

लेडीज सायकल म्हणजे काय, हे आता वेगळे सांगायला नको. सीटपासून हँडलपर्यंत जाणारी आडवी दांडी तिला नसते. ती नळी खाली उतरवून तिरप्या नळीच्या जवळ नेलेली असते, म्हणजे साडी सावरून मधून पाय टाकता येतो. १८८५ साली इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने सारख्या चाकांची रोव्हर सायकल आणली आणि तिच्या मागोमाग थोड्याच वर्षांत ही बिनदांडीची बहीण जन्माला आली. तिकडच्या बायकांचे घागरे घोट्यापर्यंत. ते चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या मडगार्डला बारीक भोके पाडून तिथून चाकाच्या मध्यापर्यंत दोऱ्यांची जाळी ओवत. आपल्याकडे साडीच्या पदराला तीच जाळी उपयोगी पडली.

या सोयीची किंमत मात्र सांगाड्याला मोजावी लागते. त्रिकोणाचा एक गुण आहे. बाजू वाकल्या-मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. जेन्ट्स सायकलची फ्रेम म्हणजे जवळजवळ दोन त्रिकोणच. दांडी खाली उतरवली की पुढचा त्रिकोण जातो, फ्रेम थोडी लवते, सीटखालच्या नळीला मध्येच ताण बसतो. म्हणून तिथे जाड नळी वापरावी लागते आणि सायकल वजनाला भारी होते. नाजूक माणसांची म्हणून नाव पडलेली सायकल प्रत्यक्षात जड असते, ही त्यातली गंमत.

१९७४ साली ताईचे लग्न झाले. तिला परभणी जिल्ह्यात दिली. तिथे तिला पुन्हा शाळा मिळाली, पण सुनेने सायकल चालवायची नाही, असे सासरी ठरले. सायकल आमच्याकडेच राहिली. मी कॉलेजात जाऊ लागलो तशी ती माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मुलांनी "वहिनी आल्या" म्हणून आरडाओरडा केला. मी आठवडाभर पायी गेलो. मग कुणाला न विचारता एका गॅस वेल्डिंगच्या दुकानात जाऊन हँडलखालच्या नळीपासून सीटखालच्या नळीपर्यंत एक पाइप डकवून घेतला. मडगार्डची जाळी कापून टाकली. सायकल पुरुष झाली.

१९७७ साली ताईचे पत्र आले. सासरे आता नाही म्हणत नाहीत, शाळा तीन मैल आहे, सायकल पाठवता येईल का? आमचे वडील चष्मा शोधत होते म्हणून ते पत्र मीच वाचून दाखवले. "मुलाला कॉलेजला लागते," असे उत्तर गेले. तेही मीच लिहिले, वडील सांगत होते तसे. ताईने पुन्हा तो विषय काढला नाही. ती पुढे कितीतरी वर्षे ते तीन मैल चालत होती.

पुढे बँकेत आलो. १९७२ पासून चालत आलेल्या चार टक्के व्याजाच्या योजनेत मी दूधवाल्यांना, पाववाल्यांना, कापड विकत हिंडणाऱ्यांना सायकलीसाठी कर्जे दिली. लेडीज सायकल असे लिहिलेला एकही अर्ज माझ्या टेबलावर आल्याचे आठवत नाही. आला नाही याचे तेव्हा नवलही वाटले नाही.

तर ती सायकल मी मिस्त्रींच्या दुकानात नेली. सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी सायकल उलटी केली, चाक फिरवले आणि विचारले, "साहेब, हा पाइप कंपनीचा नाही. काहून लावला जी?" मी म्हटले, लहान होतो. ते काही बोलले नाहीत.

काम महिनाभर चालले. क्रँकच्या कॉटर पिना इतक्या धरल्या होत्या की तीन दिवस रॉकेल आणि तेल पाजावे लागले. नुसता हातोडा मारला असता तर आतला एक्सल गेला असता. मिस्त्रींनी क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू दिला आणि मग एकच घाव घातला. छर्रे सगळे बदलले. आरे नवे ओढून चाकांची आऊट काढली. पुढे बत्तीस, मागे चाळीस. टायर सहज मिळाले, कारण साध्या काळ्या सायकली अजून खेड्यापाड्यांत आहेत. पाइप कापायला त्यांनी गॅस वापरला नाही. जुन्या फ्रेमचे सांधे पितळेने झाळलेले असतात, आच लागली तर ते सुटतात. करवतीने, पाणी मारत, अर्धा दिवस. रंग देऊ का, असे त्यांनी विचारले. रॉकेलच्या फडक्याखाली सोनेरी रेघा दिसू लागल्या होत्या. मी नको म्हटले. पाइपाच्या जागी दोन डाग राहिले, तेही राहू दिले.

पाइप कापताना मिस्त्री म्हणाले होते, "दांडी कामाची असते बरं, लेकरू बसते." खरे आहे. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरतेच्या चळवळीत हजारो बाया सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण दांडीवर मूल बसवता येते, असे पी. साईनाथांनी लिहून ठेवले आहे. पण तिथे दांडी त्या बायांनी स्वतः पसंत केली होती. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या. मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी २०१७ साली त्याचा हिशेब छापला, तर माध्यमिक शाळेतल्या मुलींची भरती ३२ टक्क्यांनी वाढलेली निघाली. आपल्या राज्यातही मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देतात. रिसोड रस्त्याला सकाळी त्या घोळक्याने जाताना दिसल्या की मला तीन मैल आठवतात.

आता माझा डावा गुडघा गेलेला. दांडीवरून पाय टाकायचा तर भिंतीचा आधार लागतो. या सायकलवर मी आरामात बसतो. हॉलंडात अशा सायकलीला आजीची सायकल म्हणतात आणि पुरुषही ती खुशाल चालवतात. आमच्या आळीत मात्र पोरे अजून हसतात.

भाऊबीजेला ताई आली. तिला आता चालायलाही काठी लागते. अंगणात सायकल उभी होती. तिने आधी बगळे पाहिले. मग त्या दोन डागांवरून बोट फिरवले. मी पत्राचे काढले. ती म्हणाली, "अक्षर तुझंच होतं, मला तेव्हाच कळलं होतं रे." आणि मडगार्डच्या भोकांकडे पाहून विचारले, "जाळी कुठाय?"

दुपारी तिने पिशवीतून क्रोशाचा दोरा काढला आणि खुर्ची ओढून बसली. संध्याकाळपर्यंत डावी बाजू झाली. उजवी तशीच आहे. दोरा संपला. पुढच्या खेपेला आणते म्हणाली.