सूक्ष्मदर्शक यंत्र व द्राक्षावरील दोन रोग

द्राक्षाच्या पानावर पांढरी पूड दिसली की बागाईतदाराचा हात प्रथम गंधकाकडे जातो. पूड भुरीची असेल तर ते योग्यच होय; परंतु ती केवड्याची असल्यास गंधकाचा उपयोग होत नाही, आणि दमट, पावसाळी हवेत मध्यंतरीच्या थोड्या दिवसांत रोग पानांवरून घडांवर जातो. भुरी पानाच्या दोन्ही बाजूंस येते. केवडा वरच्या बाजूस तेलकट डाग पाडतो व त्याची पांढरी वाढ खालच्या बाजूस दिसते. अनुभवी माणसास हा भेद बहुधा कळतो. तथापि रोगाच्या आरंभी नजर फसते, आणि अशा वेळी सूक्ष्मदर्शक यंत्राचा आधार घ्यावा लागतो.

या यंत्रात मुख्यतः दोन भिंगे काम करतात. पदार्थाजवळचे वस्तुभिंग त्याची मोठी व उलटी प्रतिमा नळीत तयार करते. डोळ्याजवळचे नेत्रभिंग तीच प्रतिमा आणखी मोठी करून दाखविते. वस्तुभिंग 40 पट व नेत्रभिंग 10 पट मोठे दाखविणारे असल्यास पदार्थ 400 पट मोठा दिसतो. प्रतिमा उलटी असल्यामुळे काचपट्टी डावीकडे सरकविली की दृश्य उजवीकडे जाते व नवशिक्याचा गोंधळ उडतो. प्रकाश खालून पदार्थाच्या आरपार यावा लागतो, म्हणून पदार्थ अगदी पातळ हवा. मात्र मोठे दिसणे म्हणजे स्पष्ट दिसणे नव्हे. एका मिलीमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. सुमारे 0.2 मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू या यंत्रात वेगळे दिसत नाहीत, कारण प्रकाशलहरींनाच ती मर्यादा आहे.

रॉबर्ट हुक यांनी 1665 साली बुचाच्या कापात कप्पे पाहिले व त्यांना पेशी हे नाव मिळाले. परंतु ते कप्पे मृत व रिकामे होते. जिवंत पेशी पाहण्यास कांदा पुरे. त्याच्या पाकळीच्या आतील बाजूचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावा. विटांच्या बांधकामाप्रमाणे लागून असलेल्या पेशी व त्यांच्या भित्तिका दिसतात. आयोडीनचा थेंब सोडल्यास प्रत्येक पेशीतील केंद्रही उठून दिसते.

द्राक्षाच्या पानाची रचनाही अशाच पेशींची आहे, आणि दोन रोगांतील खरा फरक त्या पेशींशी होणाऱ्या व्यवहारात आहे. भुरीची बुरशी पानाच्या पृष्ठभागावरच पसरते. केवळ सर्वांत बाहेरच्या थरातील पेशींत ती आपले शोषक अवयव घुसविते. यंत्राखाली तिचे पिंपाच्या आकाराचे बीजाणू माळेत ओवल्यासारखे दिसतात. ती बाहेर उघडी असल्यामुळे गंधक तिला गाठू शकते. केवड्याचा जंतू मात्र पानाच्या आत, पेशींच्या मधून वाढतो. खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून त्याच्या फांद्या फुटलेल्या दांड्या बाहेर येतात व त्यांच्या टोकांस लिंबाच्या आकाराच्या बीजाणुधानी लागतात. त्या पाण्यात पडल्या की त्यांतून पोहणारे बीजाणू निघतात आणि ओल्या पानावरून पर्णरंध्र गाठतात. पाने ओली राहिली की केवडा का भडकतो, याचे उत्तर येथे मिळते. शास्त्रदृष्ट्या हा जंतू खरी बुरशीही नव्हे. त्याची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोज व तत्सम द्रव्यांची असते, तर खऱ्या बुरशीच्या भित्तिकेत कायटिन असते.

फ्रान्समध्ये 1878 च्या सुमारास हा रोग अमेरिकेतून आला. रस्त्याकडेचे घड चोरांनी तोडू नयेत म्हणून तेथे वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्या वेली निरोगी राहिल्याचे मिलार्दे यांनी हेरले आणि 1885 साली बोर्डो मिश्रण प्रसिद्धीस आले. रोग शिरण्यापूर्वी पानावर बसलेले ताम्र या पोहणाऱ्या बीजाणूंना मारते. आत शिरलेल्या वाढीपर्यंत ते पोहोचत नाही.

शंका असल्यास नुकताच डाग पडलेली पाच-सहा पाने सकाळी तोडून, कोऱ्या कागदात गुंडाळून, त्याच दिवशी जवळच्या कृषि महाविद्यालयाच्या वनस्पतिरोगशास्त्र विभागाकडे पोहोचवावीत. पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत ओली कोंबू नयेत. वाटेत त्यांवर भलतीच बुरशी वाढते व तपासणाऱ्यास तीच दिसते. वाळून चुरा झालेली पानेही निरुपयोगी होत. कोणते औषध कधी फवारले होते, हे सोबतच्या चिठ्ठीत अवश्य लिहावे.