मुरुमाची वाट आल्प्समध्ये टिकली, सह्याद्रीत का नाही?

दिवाळे (नवी मुंबई) : बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात पहाटे होड्या धक्क्याला लागतात, त्याच सुमारास गावापासून जवळच्या पामबीच मार्गावर शिरस्त्राण घातलेल्या सायकलस्वारांचे जथे दिसू लागतात. वाशी ते बेलापूर असा सुमारे दहा किलोमीटरचा हा रस्ता सपाट आणि गुळगुळीत असल्याने सायकलींसाठी उत्तम मानला जातो; मात्र मोटारींनाही तो नेमक्या त्याच कारणांसाठी आवडतो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे इंटेल कंपनीच्या भारतीय शाखेचे माजी प्रमुख अवतार सैनी नेरूळजवळ याच मार्गावर सायकल चालवत असताना मागून आलेल्या टॅक्सीच्या धडकेने मृत्युमुखी पडले. सोबतीला सहकारी सायकलस्वार असूनही हा अपघात टळला नाही. तेव्हापासून मोटारींपासून दूर, डांबर नसलेल्या वाटेवर सायकल न्यावी काय, हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही.

पाश्चात्त्य देशांत याच गरजेतून ‘ग्रॅव्हल बायकिंग’ हा प्रकार रुजला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया येथे २००६ साली सुरू झालेली कच्च्या रस्त्यांवरील शर्यत पुढे जगभर गाजली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०२२ मध्ये इटलीच्या व्हेनेतो प्रांतात या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. त्यासाठी वापरली जाणारी सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखीच असते. तोच वाकडा हँडल, पण टायर मात्र साधारण ४० मिलिमीटर रुंदीचा. शर्यतीच्या सायकलीला तो २५ ते २८ मिलिमीटरचा असतो, डोंगरी सायकलीला ५० किंवा त्याहून अधिक. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, त्यामुळे तो खडे गिळत पुढे जातो. चढासाठी हलके गिअर आणि ओल्या उतारासाठी डिस्क ब्रेक असले की सायकल तयार झाली. अडचण आहे ती रस्त्याची.

या छंदाची पंढरी म्हणजे आल्प्स पर्वत. इटलीच्या पीडमाँट प्रांतातील कोल्ले देल्ले फिनेस्त्रे ही २,१७८ मीटर उंचीची खिंड सायकलजगतात सुपरिचित आहे. सूझा गावाच्या बाजूने साडेअठरा किलोमीटरचा, सरासरी नऊ टक्क्यांचा हा चढ. त्यातले शेवटचे सुमारे आठ किलोमीटर आजही विनाडांबराचे आहेत. ‘जिरो द’इतालिया’ ही प्रख्यात शर्यत २००५ मध्ये प्रथम येथून गेली. २०१८ मध्ये ख्रिस फ्रूमने याच चढावर सर्वांना मागे टाकून सुमारे ८० किलोमीटर एकट्याने कापले आणि २०२५ मध्ये सायमन येट्सने अखेरच्या टप्प्यांत शर्यतीचे पारडे याच खडीवर फिरवले. शेजारचा अस्सिएत्ता मार्ग तर तीसहून अधिक किलोमीटर डोंगराच्या धारेवरून, जवळपास २,५०० मीटर उंचीपर्यंत जातो. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातले दोन दिवस दिवसा तेथे मोटारींना मज्जाव असतो.

हे रस्ते सायकलींसाठी बांधलेले नाहीत. सव्हॉय घराण्याने आणि पुढे इटलीच्या लष्कराने किल्ल्यांपर्यंत तोफा व रसद नेण्यासाठी ते खोदले. तोफ ओढणाऱ्या जनावरांना झेपेल एवढाच चढ ठेवायचा म्हणून वळणांवर वळणे घेतली गेली. पुढे दऱ्यांमधून पक्के रस्ते, बोगदे आणि लोहमार्ग झाले, सरहद्दीवरची युद्धे संपली आणि या लष्करी वाटांचे प्रयोजनच उरले नाही. त्या डांबरी करण्याची कुणाला गरज भासली नाही. पण तुटूही दिल्या गेल्या नाहीत. गुराखी, वनखाते आणि पुढे पर्यटक यांच्यासाठी दर उन्हाळ्यात त्यांची थोडीफार डागडुजी होत राहिली. खडीवाट म्हणजे निसर्गाची देणगी नव्हे. निरुपयोगी ठरूनही सांभाळलेला तो रस्ता आहे.

सह्याद्रीचा इतिहास नेमका येथे वेगळा होतो. सातवाहनकाळापासून वापरात असलेला नाणेघाट हा जुन्नरच्या बाजारपेठेला कोकणाशी जोडणारा मार्ग होता, पण तो बैलांच्या पाठीवरून माल नेणाऱ्या तांड्यांचा. दगडी पायऱ्या आणि उभी चढण. तेथे सायकल खांद्यावर घेऊनच जावे लागेल. चाकाचा घाट आला तो इंग्रजांच्या तोफांबरोबर. जनरल वेलस्ली यांनी १८०४ मध्ये बोरघाटाच्या माथ्यापासून पनवेलपर्यंत तोफखान्याला योग्य असा रस्ता करवून घेतला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटातला गाडीरस्ता खुला झाला. म्हणजे अस्सिएत्ता आणि बोरघाट यांचे जन्मकारण एकच. फरक एवढाच की बोरघाट कधीही निरुपयोगी झाला नाही. १८६३ मध्ये शेजारून रेल्वे गेली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तरी जुन्या महामार्गावरची वर्दळ हटली नाही. द्रुतगती मार्गावर सायकलला प्रवेश नसल्याने दिवाळ्याहून पनवेल, चौक, खोपोली असे निघालेल्या सायकलस्वाराला आजही याच जुन्या रस्त्यावरून, अवजड वाहनांच्या शेजारून घाट चढावा लागतो.

दुसरा फरक मातीचा आणि पावसाचा. मराठीत ‘खडी’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती क्रशरमधून निघालेली धारदार काळी खडी. डांबरीकरणापूर्वी ती रस्त्यावर अंथरली जाते आणि पुष्कळदा ठेकेदाराच्या कृपेने महिनोन्महिने तशीच पडून राहते. सायकलच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट. आल्प्समधल्या ‘ग्रॅव्हल’ला आपल्याकडचा खरा प्रतिशब्द मुरूम. झिजलेल्या बेसाल्टचा हा भुगा रोलर फिरवून दाबला की पाणी झिरपू देतो आणि चाकाला पकडही देतो. माथेरान-महाबळेश्वरच्या माथ्यावरची जांभ्याची तांबडी वाटही कोरडी असताना उत्तम. पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. आल्प्सच्या बहुतांश भागात वर्षभरात याच्या निम्माही पडत नाही. तेथे बर्फ रस्ता झाकतो. येथे पाऊस रस्ता घेऊन जातो. कडेची गटारे आणि मोऱ्या दर मे महिन्यात साफ केल्या नाहीत, तर मुरुमाचा रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत ओढा होतो. त्यामुळे आपल्याकडे कच्च्या रस्त्याला दोनच गती उरतात : डांबर नाहीतर वाताहत.

डांबर हवे असणाऱ्यांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले. वाडीपर्यंत वाहन जाईल असा रस्ताच नसल्याने अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. जवान आणि स्वयंसेवक पायी चढून हातांनी ढिगारा उपसत होते. त्याच डोंगररांगेत रविवारी ‘अस्पर्शित’ वाट शोधत येणाऱ्या शहरी सायकलस्वाराने हे ध्यानात ठेवलेले बरे. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली ती अशाच वस्त्यांसाठी. वाडीचा रस्ता पक्का होणे हेच योग्य आणि सायकलसाठी तो कच्चा राहावा, ही अपेक्षा गैर.

मग उरतात त्या वस्तीकडे न जाणाऱ्या वाटा : वनखात्याचे रस्ते, कालव्याकडेच्या सेवावाटा, धरणांचे काठ, खाडीलगतचे खारबांध. येथे प्रश्न मातीचा नसून परवानगीचा आहे. राखीव वनात विनापरवाना शिरणे १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो. अभयारण्यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो, त्यामुळे पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या जंगलवाटांवर सायकल दामटण्याचा विचार सोडून द्यावा. युरोपातही सगळे मोकळे रान आहे असे नाही. ऑस्ट्रियाच्या १९७५ च्या वन कायद्याने नागरिकाला जंगलात पायी फिरण्याचा हक्क दिला, सायकलला नाही. तिरोल प्रांताने त्यावर १९९० च्या दशकात तोडगा काढला. सरकार वनमालकांशी करार करते, ठरावीक रस्ते सायकलींसाठी खुणा करून खुले होतात, मालकाला मोबदला मिळतो आणि अपघाताच्या दायित्वाचा विमा सरकार उतरवते. विम्याचे हे कलम फार महत्त्वाचे. कारण वाट बंद ठेवणाऱ्याच्या मनात बहुधा कोर्टाची भीती असते.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारा नमुना कास पठारावर आहे. तेथे फुलांच्या हंगामात पर्यटकांची नोंदणी, दैनंदिन संख्येवर मर्यादा आणि प्रवेशशुल्क यांचे काम वनखात्याबरोबर गावकऱ्यांच्या समित्या पाहतात. फुलांसाठी जे जमले ते कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एखाद्या वनरस्त्यासाठी जमू नये, असे कायद्यात काहीही नाही. शुल्कातून मोऱ्यांची साफसफाई झाली तरी अर्धे काम होईल.

तोवर दिवाळे-बेलापूर परिसरातून निघणाऱ्यास जवळचा पर्याय खारघरच्या डोंगराचा. चाफेवाडी व फणसवाडी या आदिवासी वाड्यांकडे चढणारा हा रस्ता मुरुमाचा नसला तरी वर्दळ कमी असल्याने पायांना घाटाची सवय लावण्यास पुरेसा आहे. पावसाळ्यात मात्र डोंगरावरच्या प्रवेशबंदीची चौकशी आधी करावी. पूर्ण दिवस हाताशी असेल तर घाटमाथ्यावरचे आंदर मावळ गाठावे. टाकवे बुद्रुकहून धरणाच्या पाण्याला वळसा घालत कुसूरकडे जाता येते. पठाराच्या टोकावरून कोकण दिसते, पण तेथून भिवपुरीकडे उतरणारा जुना कुसूर घाट पायवाटेचा आहे. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात गवत उंच असते आणि त्याखालचे दगड दिसत नाहीत. मार्चनंतर पठारावर सावली सापडत नाही. टायर शक्यतो ट्यूबलेस असावेत, कारण बाभळीचा काटा मुरूम पाहून थांबत नाही. पाण्याच्या दोन बाटल्या कमी पडतात, तिसरी सोबत ठेवावी.